वजनाच्या वहीत नसलेली मुले

२०१२ सालची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका गावी आम्ही प्राथमिक शिक्षक होतो. दिवाळी सरली की गावाबाहेर तोडकऱ्यांच्या कोप्या पडत. बीडकडची माणसे. त्यात आपलेही लोक असत. कोपीत बाबासाहेबांचा फोटो दिसला की आमचा पाय आपोआप तिकडे वळे.

एके दिवशी त्यांची तीन मुले शाळेत येऊन बसली. आम्ही हाकलले नाही. "बसा मागे" म्हणालो आणि मोठे उपकार केले असे वाटून घेतले. मधल्या सुट्टीत मात्र पंचाईत झाली. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, तीही पटावरच्या मुलाला. या मुलांची नावे बीडच्या पटावर. धान्य तिकडे, पोट इकडे! खिचडी उरली तर त्यांना मिळे. बहुधा उरे, पण तोवर ती भिंतीला टेकून उभी राहत. आम्ही हे दोन महिने पाहिले.

१९७२ च्या दुष्काळात आमचे आईवडील परगावी खडी फोडायला गेले होते. तिथे सुकडी मिळे. आम्ही ओंजळ पुढे करायचो, वाढणारी बाई गाव न विचारता भरायची. त्या ओंजळीवर वाढलेला माणूस आता पट दाखवत होता.

जानेवारीत पटावरच्या मुलांची वजने वहीत मांडली. सगळे आटोपल्यावर तोडकऱ्याची एक पोर आपणच काट्यावर उभी राहिली. वय नऊ, काटा १९ किलोवर. तिच्या वयाच्या गावातल्या मुली पंचवीसच्या आसपास होत्या. वहीत तिच्यासाठी ओळ नव्हती.

"सकाळी काय खाल्लंस, बाळ?"

"ऊस, गुरुजी."

आईवडील पहाटे चारला फडात जात. आई त्याआधी दिवसभराच्या भाकरी थापून ठेवी. दुपारपर्यंत त्या कडक होत. त्याही धाकट्या भावाला पाण्यात कुस्करून चारायच्या आणि आपण ऊस चघळायचा. उसाने पोट भरल्यासारखे वाटते, पण त्यात साखर आणि पाणी. डाळीतली प्रथिने नाहीत, पालेभाजीतले लोह नाही. हंगामात घटलेले वजन पुढे भरता येते, खुंटलेली उंची सहसा भरून निघत नाही.

गावची मुले फार धडधाकट होती असेही नाही. दूध डेअरीला आणि पाच रुपयांची पुडी पोराला, हा प्रकार घरोघरी होता. पण त्यांची तब्येत निदान कागदावर होती. डॉक्टर तपासायला आले की फिकट पोर ओळखू येई. आता तर शाळेतून लोहाच्या गोळ्या मिळतात, फेब्रुवारीत जंताची गोळी देतात. तोडकऱ्यांची मुले फेब्रुवारीत आपल्या गावी नसतात, आणि जिथे असतात तिथल्या पटावर नसतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांची नावे लिहिली. दाखला नव्हता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, वर्षाच्या मध्येही नाही. हे आम्हांला ठाऊक होते, एवढेच की त्या पोरीपर्यंत पोहोचायला दोन महिने लागले. आपली जी कुटुंबे तोडीला किंवा वीटभट्टीवर जातात त्यांनी कोपी उभी केली की त्याच आठवड्यात जवळच्या शाळेत मुलांची नावे घालावीत. निघताना गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे. कार्ड नसले तरी जावे, आणि गुरुजी "बसा मागे" म्हणाले तर पटावर नाव लिहिले का, हे विचारावे.

त्या दिवशी ती पोर पहिल्या पंगतीत बसली. अर्धी खिचडी खाल्ली, अर्धी डब्यात भरू लागली. स्वयंपाकाच्या मावशी रागावल्या. मग डबा कोणासाठी ते कळले, तेव्हा त्यांनीच वरून एक पळी घातली.

मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला. तेव्हा तिचे वजन २१ भरले. आम्ही ते चिठ्ठीवर लिहून तिच्या आईला दिले, गावच्या गुरुजींना दाखवा म्हणून सांगितले. माउलीने चिठ्ठीची घडी केली आणि मुकादमाच्या उचलीच्या कागदात जपून ठेवली.