हिवाळ्यापुरतं

गेल्या शनिवारी वार्षिक कार्यक्रम पार पडला. बाहेर सहा-सात अंश, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात जाळी, आणि मागच्या अंगणातल्या डबक्यात मी. (डबकं म्हटलेलं लेकीला आवडत नाही. तिच्या मते ते तळं आहे. सात फूट बाय चार फूट, खोली दोन फूट. काय ते तुम्हीच ठरवा.) शेजारचे काका कुंपणावर कोपर टेकून फुकटचा खेळ बघत होते. चार माशांनी मला पाऊण तास नाचवलं.

तर मंडळी, मिनिआपोलिसमध्ये ऑक्टोबर म्हणजे मासे घरात घ्यायचा महिना.

हे घर आम्ही २०२१ च्या उन्हाळ्यात घेतलं. घराबरोबर गवत कापायचं एक मशीन, गराजमधली एक मोडकी सायकल आणि नऊ गोल्डफिश मिळाले. किल्ल्या देताना आधीच्या मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "हॅलोविनच्या आत मासे तळघरात घ्या." कसे घ्यायचे, कशात ठेवायचे, किती तापमानाला, काही नाही. दुसऱ्याने लिहिलेला कोड, डॉक्युमेंटेशन शून्य. आमच्या धंद्यात ही परिस्थिती नवीन नाही, त्यामुळे मी निर्धास्त होतो. तिथेच चुकलं.

मुळात आत घ्यायचेच कशाला? इथल्या तळ्यांत मासे जगतातच की. त्याचं कारण शाळेत शिकलेलं असतं, पण तेव्हा कळलेलं नसतं. पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंशांना. त्याहून थंड झालं की ते हलकं होऊन वर येतं आणि वरूनच गोठायला लागतं. बर्फाच्या झाकणाखाली, तळाशी, चार अंशांचं पाणी शिल्लक राहतं आणि मासे तिथे जवळजवळ न हलता बसून राहतात. दहा अंशांच्या खाली खाणंही बंदच. गोल्डफिशची तर आणखी कमाल. प्राणवायू संपत आला की ते शरीरातल्या लॅक्टिक आम्लाची चक्क दारू करतात आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतात. हे १९८० पासून माहीत होतं. त्यामागची यंत्रणा नेमकी कशी चालते ते ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये उलगडलं. म्हणजे बाहेर उणे वीस असताना हे आपले बर्फाखाली थोडी थोडी घेऊन बसलेले!

पण या सगळ्याला तळाशी पाणी शिल्लक राहायला हवं. मिनिआपोलिसमध्ये घराचा पाया ४२ इंच खाली न्यावा लागतो, कारण जमिनीतली थंडी तेवढी खाली जाते. आमचं तळं (बरं, तळं) २४ इंच. त्यात हिवाळ्यात मासे ठेवले तर वसंतात गोल्डफिशची कुल्फी.

आता पहिल्या वर्षीचा माझा पराक्रम. गुरांना पाणी पाजायची काळी प्लास्टिकची टाकी आणली, १०० गॅलनची, म्हणजे साधारण ३८० लिटर. माशांना थंडी वाजत असणार म्हणून ती तळघरात भट्टीशेजारी ठेवली. (घर तापवणारी भट्टी हो, दुसरी नव्हे.) वर हीटर लावून पाणी २४ अंशांवर नेलं. नऊ अंशांच्या पाण्यातले मासे संध्याकाळपर्यंत चोविसात! ऊब मिळाल्यावर ते भराभरा खायला लागले, म्हणून दोन वेळा खायला घातलं. पाणी गढूळ झालं तर फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून लख्ख धुतला. अर्ध्याहून जास्त पाणीही बदललं. आमचा ठरलेला उपाय आहे ना, चालत नसेल तर बंद करून चालू करा. तसंच.

दोन आठवड्यांत नऊपैकी पाच मासे गेले. आधी पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करायचे, कल्ले लालभडक व्हायचे, आणि सकाळी एखादा आडवा. लेक तेव्हा सात वर्षांची. पाचव्याला पुरताना तिने विचारलं, "बाबा, आपण यांना आत आणलंच नसतं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उरलेले चार तळ्यात सोडून द्यावेत, म्हणजे खऱ्या तळ्यात, असंही कुणीतरी सुचवलं. ते इथे बेकायदा आहे आणि तसंच असायला हवं. त्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, जवळच्या बर्न्सव्हिल गावातल्या केलर लेकमधून अमेरिकन फुटबॉलएवढे गोल्डफिश निघाले होते. कुणीतरी कधीतरी दया दाखवून सोडलेले. तेव्हा ते चार कसेबसे माझ्याच हाताखाली जगले. माझ्यामुळे नव्हे, माझ्या तावडीतून.

२०२२ च्या जूनमध्ये आई गेली. मी गेलो, दिवस केले, तीन आठवडे राहिलो आणि परत आलो. सांगलीच्या घरात बाबा एकटे. मी नागरिकत्व घेतलेलं, त्यामुळे त्यांच्यासाठी ग्रीनकार्डचा अर्ज करता येत होता. मी मनात ठरवूनच टाकलं की बाबा आता इकडेच राहणार. त्यांना फोनवर एवढंच म्हणालो, "सहा महिने या तर खरं." ऑक्टोबरच्या दहा तारखेला ते विमानतळावर उतरले. अंगात आईने विणलेला स्वेटर, डोक्याला माकडटोपी.

बाबांनी चौतीस वर्षं कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात काढली. आमच्या घरी आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी नळाचं पाणी पेल्यात घेतलं, हुंगलं आणि विचारलं, "नदी कुठली?"

"मिसिसिपी."

"क्लोरीनचा वास नाही रे. काय घालतात?"

मी शोधून सांगितलं. मिनिआपोलिसमध्ये क्लोरामाइन वापरतात, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाची जोडगोळी. क्लोरीन असतं तर बादली रात्रभर उघडी ठेवली की बऱ्यापैकी उडून जातं. क्लोरामाइन चिवट, ते तसं जात नाही. सोडियम थायोसल्फेटने त्यातला क्लोरीन मरतो, पण अमोनिया मागे राहतोच.

मग मी त्यांना मागच्या हिवाळ्याची हकीकत सांगितली. एखाद्या वरिष्ठासमोर प्रॉडक्शन पडल्याचा खुलासा द्यावा तशी. स्पंज नळाखाली धुतला म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"अरे, फिल्टरची साय धुतलीस तू."

नोकरीच्या सुरुवातीला बाबा मंद वाळूगाळणीवर होते. त्या गाळणीत वाळूच्या वर एक बुळबुळीत थर धरतो. बघणाऱ्याला घाण वाटते, पण पाणी खरं तिथेच शुद्ध होतं, कारण तो थर जिवंत असतो. तो खरवडून काढला की नवा थर धरेपर्यंत त्या गाळणीचं पाणी गावाला सोडत नाहीत. माशांचा स्पंज म्हणजे तेच. मासे अमोनिया सोडतात. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन माशांना विष, तिसरं बरंच सुसह्य. हे जीवाणू राहतात त्या कळकट स्पंजात. मी क्लोरामाइनच्या पाण्याने त्यांची वस्तीच धुऊन टाकली होती. वर ऊब दिली, खायला घातलं, म्हणजे अमोनिया वाढवला. आणि पाणी जितकं उबदार, तितका अमोनिया जास्त विषारी. एकूण काय, पाच मासे थंडीने नाही, माझ्या मायेने गेले.

त्या वर्षी बाबांनी सूत्रं हातात घेतली. टाकी भट्टीपासून उचलून उत्तरेच्या कोपऱ्यातल्या अडगळीच्या खोलीत नेली. तिथे पाणी बारा अंशांवर राहतं. हीटर बंद. अंगणातल्या फिल्टरचा स्पंज न धुता, तसाच घाणेरडा, माशांबरोबर आत आणला. खाणं आठवड्यातून दोनदा, चिमूटभर. वर जाळी, कारण हे उड्या मारतात. पाणी आठवड्याला पाचवा हिस्सा बदलायचं, तेही थायोसल्फेट घालून, तापमान जुळवून. आणि एक नोंदवही. रकाने आखलेले: तारीख, तापमान, सामू, अमोनिया, शेरा. शेऱ्यात बहुतेक दिवस दोनच शब्द: "मासे शांत."

तो हिवाळा भयंकर होता. शहरात मोसमभरात ९० इंच बर्फ पडला. इथल्या नोंदींत तिसऱ्या क्रमांकाचा. बाबा महिना महिना घराबाहेर पडत नव्हते. मी घर २२ अंशांवर ठेवलं होतं, मराठी चॅनेलं घेतली होती, दर शनिवारी कुणाला ना कुणाला जेवायला बोलवत होतो. त्यांना काही कमी पडू द्यायचं नाही असा चंग बांधला होता. ते मात्र दुपारी खाली जाऊन, खुर्ची टाकून, स्वेटर घालून माशांसमोर बसायचे. लेक शाळेतून आली की तीही खाली. अर्ज भरून माझ्या टेबलावर पडलेला. मी विषय काढला की ते म्हणायचे, "बघू की."

३१ मार्चच्या रात्री जड, ओला बर्फ कोसळला. झाडांच्या फांद्या मोडत होत्या, वर विजा कडाडत होत्या. रात्री पावणेअकराच्या सुमाराला वीज गेली. हवेचा पंप बंद, फिल्टर बंद. मी टॉर्च घेऊन खाली गेलो तर बाबा आधीच तिथे. त्यांनी स्पंज डब्यातून काढून टाकीच्या पाण्यात सोडला होता, आत गुदमरून जीवाणू मरू नयेत म्हणून. आणि देवघरातला तांब्या घेऊन टाकीतलं पाणी हातभर उंचीवरून परत टाकीत ओतत होते. आमच्या गावच्या केंद्रात पाणी पायऱ्यांवरून खाली पडायचं, हवा मिसळायला. तेच, तांब्याने.

"आण इकडे, मी करतो," म्हटलं. मग आळीपाळीने सुरू झालं. दहा मिनिटं ते, दहा मिनिटं मी. तास दीड तास कुणी बोललं नाही. मग मीच अर्जाचं काढलं. अंधार होता, त्यामुळे बोलणं सोपं गेलं.

बाबा तांब्या ओतता ओतता म्हणाले, "तू मला उचलून आणलंस, बरं केलंस. तिथे हा हिवाळा माझ्याने निघाला नसता. पण हिवाळ्यापुरतं होतं ते, बाळ. इथे मी बसून राहतो. तिथे मला सकाळी उठून बाहेर पडावं लागतं."

मी पुढचा तांब्या भरला. दुसरं काय करणार?

वीज पहाटे सव्वापाचला आली. मासे ठणठणीत. नंतर मी हिशेब केला. बारा अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण पावणेअकरा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, चोवीस अंशांना जेमतेम साडेआठ. ३८० लिटर थंड पाणी आणि चार आळशी मासे. रात्रभर तांब्याला हात लावला नसता तरी काही बिघडलं नसतं. चौतीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. मी विचारलं नाही.

आठ एप्रिलला बाबा गेले. तळ्यावरचा बर्फ अजून पुरता वितळलाही नव्हता. एप्रिलअखेर पाणी दहा अंशांवर आल्यावर मी आणि लेकीने चौघांना बाहेर सोडलं. बादली अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवून, तापमान जुळवून, घाई न करता. तो अर्ज आजही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

नंतरचे हिवाळे मी एकट्याने सांभाळतोय. बाबा सांगलीत आहेत. गुडघे बोलतात म्हणून इतका लांबचा प्रवास नको म्हणतात, पण रोज सकाळी घाटावर जातात. दर शनिवारी फोन असतो. तब्येतीचं विचारलं की "उत्तम", आणि लगेच, "अमोनिया किती?"

परवा नवीन नोंदी करायला ती वही काढली. मागची पानं चाळताना १ एप्रिल २०२३ ची नोंद दिसली. ते गेल्यावर मी ती कधी नीट वाचलीच नव्हती. शेऱ्यात लिहिलंय: "वीज नाही, रात्री १०.४० ते पहाटे ५.१५. मासे ठीक. मुलगा दमला."

असो. आजचं तापमान १२, अमोनिया शून्य, मासे शांत. तुमच्याकडे कुणी तळघरात मासे ठेवले असतील तर कृपा करून स्पंज नळाखाली धुऊ नका.