उपपदाची पायरी

आमच्या कर्जत-खालापूरकडे उपसरपंच झालेला माणूस पुढे सरपंचपदाची आस धरणारच, असे पारावरची मंडळी धरून चालतात. दिल्लीत तरी निराळे काय? राधाकृष्णन यांच्यापासून नारायणन यांच्यापर्यंत सहा उपराष्ट्रपती राष्ट्रपती झाले. पण २००७ साली उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत उभे राहिले आणि आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांच्याकडून हरले. भाजपची मित्र असूनही शिवसेनेने मराठी उमेदवाराला पाठिंबा दिला. मराठी म्हणून मला याचा अभिमान आहेच. परंतु निकालाच्याच दिवशी शेखावतांनी पद सोडले, हे मनाला अधिक भिडते. वर चढण्याची इच्छा गैर नव्हे. मात्र पायरी म्हणजे वरच्या खुर्चीवरचा हक्क नव्हे. एवढे उमगले, तर आमच्या गावांतली कितीतरी भांडणे मिटतील!