वारा, वाट आणि भाच्याचा पंख

"अरे, तुझा भाचा बिघडला!" ताईने फोनवर एवढेच सांगितले आणि माझ्या पोटात धस्स झाले. जळगावासारख्या सोन्याच्या नि डाळीच्या बाजारपेठेत २४ वर्षांच्या मुलाला बिघडायला साधनांची वाण नाही. सदरा अडकवला आणि तसाच तिच्या घरी गेलो. पाहतो तो चिरंजीव अंगणात मांडी ठोकून एका लांबलचक खोक्याच्या चिकटपट्ट्या सोडवीत बसलेले. खोक्यातून निघाली एक काळीभोर, गुळगुळीत, चार फूट लांबीची फळी. खाली दोन पाय.

"मामा, स्पॉयलर!" तो म्हणाला.

मराठीच्या मास्तराला आधी शब्द दिसतो, वस्तू मागाहून. स्पॉयलर म्हणजे बिघडवणारा. तेव्हा ताईच्या म्हणण्यात व्युत्पत्तीच्या दृष्टीने काही चूक नव्हती.

आमचे भाचेराव पाइपांच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. दोन वर्षांची शिल्लक खर्चून त्यांनी पुण्याहून एक जुनी, दोनच आसनांची, फायबरच्या अंगाची स्पोर्ट्‌स कार आणली होती. दिसायला चित्ता, पोटात इंजिन मात्र साध्यासुध्या संसारी गाडीचे. त्या चित्त्याला आता पंख फुटायचे होते.

"पण हा बिघडवतो तरी काय?" मी विचारले.

त्याने समजावून सांगितले, आणि चांगले सांगितले. गाडी वेगाने धावू लागली की तिच्या पाठीवरून घसरणारी हवा तिला किंचित वर उचलू पाहते. विमानाच्या पंखाला जे वरदान, तेच गाडीला शाप. कारण उचललेले चाक रस्ता धरीत नाही. म्हणून मागच्या टोकाला उंचवटा करून हवेची ती घसरण बिघडवायची. हा खरा स्पॉयलर. विमानाचा पंख उलटा करून पायांवर उभा केला तर हवा गाडीला खाली दाबते. ती झाली 'विंग'. बाजार दोन्हींना एकाच नावाने हाक मारतो. १९२८ साली बर्लिनच्या आव्हुस मार्गावर फ्रिट्झ फॉन ओपेल याने रॉकेटवर चालणारी मोटार ताशी २३८ किलोमीटरपर्यंत नेली, तेव्हा ती उडू नये म्हणून तिला असे उलटे पंख होते. १९७२ साली पोर्शने आपल्या एका गाडीच्या पाठीवर बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा दिला, तोही ह्याच कामासाठी.

मी गारच झालो. पण ताईने मला बोलावले होते ते भाच्याला समजावण्यासाठी. म्हणून दुसऱ्या दिवशी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या आमच्या मित्रांना गाठले. त्यांनी उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या पानावर गणित मांडले. ताशी ८० किलोमीटर वेगाला एवढ्या फळीवर फारात फार ५ ते ५॥ किलोचा दाब पडेल. वेग निम्मा केला की दाब पाव होतो, म्हणजे ४० च्या वेगाला जेमतेम सव्वा किलो. वेग दुप्पट केला तर चौपट, बावीसएक किलो. शिवाय फळी मागच्या चाकांच्याही मागे बसली, तर तराजूच्या न्यायाने पुढची चाके हलकी होणार ती वेगळीच.

"म्हणजे रावेरच्या केळीचा एक घड डिकीत टाकला की झाले!" मी म्हणालो.

"तसे नव्हे," मित्र हसले. "घडाचे वजन वळणावर गाडीला बाहेरही ओढते; हवेचा दाब तसे करीत नाही. पंख खोटा नाही हो. मात्र त्याला शर्यतीचा वेग लागतो, आणि तो आपल्या रस्त्यांवर चालवायचा नसतो."

हे शस्त्र घेऊन मी संध्याकाळी ताईकडे गेलो. भाच्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, आजोबा पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड लावायचे. त्याने बैल जोरात पळायचे का?"

वाचकहो, मी निरुत्तर झालो. वडिलांचे ते बैल डोळ्यांसमोर उभे राहिले; शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगुरमाळ. आणि मग जे घडले ते ताईला अजून पटलेले नाही. तिचा वकील म्हणून गेलेला मी, अर्ध्या तासात मोजपट्टीचे दुसरे टोक धरून उभा होतो! कागदाचा साचा ठेवून खुणा केल्या, डिकीच्या झाकणाला ड्रिलने चार भोके पाडली, चिकटपट्टी लावली, स्क्रू आवळले. पंख चढला. गल्लीतली पोरे जमली. मलाही, खोटे कशाला बोलू, गाडी देखणी वाटली.

आषाढाचे दिवस होते. मला धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात काही जुनी कागदपत्रे पाहायची होती. "एसटीने कशाला, मीच सोडतो," भाचा म्हणाला. "आणि पुढे साक्रीकडे पवनचक्क्या दाखवतो." रविवार गाठून आम्ही निघालो.

जळगाव सोडले की बांभोरीला गिरणेचा पूल लागतो आणि पलीकडे बहिणाबाईंचे नाव ल्यालेले विद्यापीठ. मग पाळधी, मग पांडववाड्याचे एरंडोल. पहिल्या पावसाने काळ्या रानाला नुकता हिरवा पोत आला होता. कपाशीची रोपे चार-चार पानांची. धुळ्यापर्यंत नव्वदेक किलोमीटरची वाट. पूर्वी ट्रकांमागून रांगत जावे लागे, आता रस्ता रुंद झाला आहे. रुंद रस्ता हा तरुण माणसाच्या कानाशी काहीतरी पुटपुटत असतो. काटा ८० वरून ९० वर गेला, ९० वरून १०० वर.

"बघा मामा, कशी चिकटून चालली आहे!"

त्या वेगाला चिकटवणारा दाब आठेक किलोचा होता, हे गणित मला ठाऊक होते. तरी मी काही बोललो नाही. मलाही ती चिकटल्यासारखी वाटत होती!

पारोळ्याचा किल्ला मागे पडला आणि पाठीमागून गुणगुण ऐकू येऊ लागली. "वारा गातोय," भाचा म्हणाला. गाणे दोन मैल चालले. मग काडकन आवाज झाला. आरशात पाहिले तो पंखाचा डावा पाय झाकणातून उपटून निघाला होता आणि अख्खी फळी उजव्या पायावर फडफडत होती. मागे एक मोटारसायकल होती. तिच्या स्वाराने गाडी कडेला घातली, चिखलात पाय टेकले आणि कशीबशी सावरली. मागे बायको, पुढे टाकीवर लाल झबल्यातली पोर.

आम्ही धावत गेलो. पंख सुटला नव्हता. त्या गृहस्थाने एकदा फळीकडे पाहिले, एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे. शिवी दिली असती तर बरे वाटले असते. तो म्हणाला एवढेच, "पोरगी पुढे बसली होती." आणि गाडीला किक मारून निघून गेला.

फळी सुतळीने बांधून ३० च्या वेगाने आम्ही धुळ्यात शिरलो. दोघांतही शब्द नाही. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने ह्या गावाची नवी पेठ वसवली. इथल्या जुन्या वस्तीत गल्ल्या आकड्यांनी ओळखतात, त्यामुळे पाहुणा चुकत नाही. आम्हांला मात्र मिस्त्री हवा होता. महामार्गाच्या कडेला एक वयस्कर मिस्त्री भेटले.

"काय व्हयनं भाऊ?" म्हणत त्यांनी झाकण उघडले, आतून बोट फिरवले आणि पाहणी एका वाक्यात संपवली : "कागदाला टाचणी टोचली अन् तिच्यावर घोंगडी टांगली!"

झाकण फायबरचे. त्याला आतून रुंद लोखंडी पट्टी द्यायला हवी होती, म्हणजे ओढ एका भोकावर न येता पसरली असती. आम्ही रुपयाएवढे वायसर घातले होते. ढिले न पडणारे नट घालायचे, ते साधे घातले. भोकांच्या कडांना लांबी नव्हती, त्यातून पाणी आत गेले होते. "आणि वरचा ब्रेकचा दिवा ह्या फळीआड झाकला, तो मागच्याला कसा दिसणार?" मिस्त्रींनी विचारले. शेवटी म्हणाले, "आरटीओला विचारलं होतं का?"

विचारले नव्हते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की नोंदणीच्या वेळी कारखानदाराने दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाला करता येत नाही. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितले. किरकोळ जोडणी कोणती आणि फेरफार कोणता, हे ड्रिल हाती घेण्यापूर्वी विचारायचे असते.

"मामा," भाचा हळूच म्हणाला, "१९६९ साली स्पेनच्या शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडले होते. त्यानंतर लगेच मोनॅकोत उंच पंखांवर बंदी आली. मला हे ठाऊक होते." त्याचा आवाज भरून आला होता. मी पाठीवर हात ठेवला. मोजपट्टीचे दुसरे टोक माझ्या हातात होते, हे मी कसा विसरणार?

मिस्त्रींनी पंख उतरवला, भोके बुजवली आणि पैसे घेतले तेही संकोचून. मंडळात जाऊन आलो. पण १९२७ पासून इतिहासाचे कागद जिवापाड जपणाऱ्या त्या वास्तूत माझे लक्ष त्या दिवशी कागदांत लागले नाही. परतायचे का, असे मी विचारले. भाचा म्हणाला, "नको. पवनचक्क्या पाहू."

सुरतेच्या रस्त्याने कुसुंबा, नेर करीत साक्री गाठली आणि ब्राह्मणवेलच्या माळाकडे वळलो. वाचकहो, खानदेश म्हणजे ऊन, केळी आणि भरीत एवढेच ज्यांना ठाऊक आहे त्यांनी आषाढात हा माळ पाहावा. टेकडीमागून टेकडी, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर पांढरे खांब, त्यांवर तीन-तीन पाती संथपणे फिरताहेत. पश्चिमेचा वारा असा, की उभे राहायला पायात अंतर ठेवावे लागते. मेंढ्या मात्र खाली निवांत चरत होत्या.

"ही पातीसुद्धा विमानाच्या पंखाचीच भावंडे," भाचा म्हणाला. "हवा त्यांना उचलू पाहते, म्हणून ती फिरतात." मग थांबून म्हणाला, "वारा फार वाढला की पाते आपली धार वळवते आणि तो निसटू देते. साधारण ताशी ९० च्या वाऱ्याला यंत्र आपणहून थांबते."

"आणि आपण ९० ला थांबलो नाही," मी म्हणालो.

तिथे त्या वाऱ्यात मला भाच्याच्या पोळ्याच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. वडील बैलांना बेगड लावीत हे खरे. पण पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू नसे. सजवलेला बैल गावातून मिरवायचा, पळवायचा नाही. हौस ही वाईट गोष्ट नव्हे. तिच्याशिवाय आयुष्य म्हणजे बिनघुंगरांचा बैल. पण दागिन्याला आपण काम करतो असे वाटू लागले, आणि ते काम दाखवण्यासाठी आपण वेग वाढवू लागलो, की तिथे धोका सुरू होतो. मग ती झळ आपल्याला कमी आणि मागून येणाऱ्या टाकीवरच्या पोरीला जास्त.

हे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "मामा, हे अंगणातच सांगायला हवे होते." खरे होते.

परतीच्या वाटेवर मुकटीच्या पुढे ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. जळगाव येईपर्यंत काटा ७० च्या वर गेला नाही. भाचेराव आता आरटीओच्या खेपा घालताहेत. मागे एक बोटभर उंचवटा चालेल का, हे लेखी विचारून घेणार आहेत. आणि तो पंख? ताईने तो न्हाणीघराबाहेरच्या भिंतीला, आतून रुंद लोखंडी पट्टी देऊन, पक्का ठोकून घेतला आहे. त्यावर तुळशीच्या रोपांचे चार डबे ठेवले आहेत. वाऱ्याने ते अजून हललेले नाहीत.