आरोग्यदूत मुलं नेमकं करतात काय?

दवाखान्यात येणारे पालक हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, मुलीने कॉलेजात आरोग्यदूत म्हणून नाव दिलंय. म्हणजे करायचं काय असतं? अभ्यास सोडून हे कशाला?" काहींच्या आवाजात कौतुक असतं, बहुतेकांच्या आवाजात काळजी. एका वडिलांनी तर सरळ विचारलं, "अर्धवट डॉक्टर बनवताय का तुम्ही पोरांना?" प्रश्न रास्त आहे. गेली सात वर्षं मी एका कॉलेजात या मुलांना शिकवायला जाते, म्हणून आज त्याविषयी सविस्तर लिहिते.

आधी नावाबद्दल. सुरुवातीला आम्ही 'आरोग्यमित्र' म्हणत होतो. पण आरोग्यमित्र म्हटलं की लोकांना महात्मा फुले योजनेच्या टेबलामागे बसलेला, रेशनकार्ड मागणारा माणूस आठवतो. म्हणून दूत. कल्पना काही नवी नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून कॉलेजांत आहे, एड्सबद्दल बोलणारे रेड रिबन क्लब आहेत, आणि २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातल्याच मुलामुलींना शिकवून 'साथिया' म्हणून तयार करतात. मात्र तो कार्यक्रम एकोणिसाव्या वर्षापर्यंतच्या मुलांसाठी. त्यानंतर मुलं घर सोडून शहरात येतात, आणि माझ्यासारख्यांच्या दवाखान्यात दिसायला लागतात.

माझा दवाखाना पुण्यातल्या पेठेत आहे. आजूबाजूला होस्टेलं, कॉट बेसिसच्या खोल्या, मेस आणि अभ्यासिका. लातूर, नांदेड, जळगावहून आलेली मुलं एका खोलीत चार-चार राहतात. यांच्या दुखण्याचा प्रवास ठरलेला असतो. ते आधी रूममेटला कळतं, मग मोबाइलला, मग कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला. घरी सांगायचं नसतं, कारण 'आई उगाच टेन्शन घेईल'. डॉक्टरचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

एक उदाहरण देते. (या लेखातल्या सगळ्या मुलांचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.) एका मुलाला खोकला होता. मेडिकलमधून दोनदा अँटिबायोटिक घेऊन झालं होतं. वजन कमी झालं होतं, पण ते मेसच्या जेवणामुळे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. खोलीतला एक मुलगा आमच्या बॅचचा. त्याने खोकल्याचे दिवस मोजले, ते महिन्याच्या वर निघाले. 'दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासायची' हे एक वाक्य त्याला पाठ होतं, त्यापलीकडे टीबीबद्दल फारसं काही माहीत नव्हतं. तो मित्राला माझ्याकडे घेऊन आला. टीबी निघाला. सरकारी केंद्रातून मोफत औषधं सुरू झाली, खोलीतल्या बाकीच्यांचीही तपासणी झाली, सहा महिन्यांत मुलगा बरा झाला. मी दिवसभर दवाखान्यात बसून जे ऐकू शकत नव्हते, ते शेजारच्या कॉटवरच्या मुलाने रात्री ऐकलं होतं. दूत लागतो तो एवढ्यासाठी.

प्रशिक्षणात अशी काही वाक्यं आम्ही पाठच करून घेतो. मुलींमध्ये हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर तो ॲनिमिया. चक्कर येतेय म्हणून नुसती ग्लुकोजची पावडर पिऊन चालत नाही. संबंधांनंतर घ्यायची तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती नेहमीचं साधन म्हणून वापरायची नाही. डेंग्यूच्या दिवसांत ताप असेल तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन मनाने घ्यायची नाही. हे सगळं मुलं भराभर शिकतात. हुशार असतात.

खरा वेळ जातो तो काय करायचं नाही हे शिकवण्यात. औषध द्यायचं नाही, स्वतःकडची उरलेली गोळीसुद्धा नाही. आजाराला नाव द्यायचं नाही. रील बघून 'तुला ॲन्झायटी आहे', 'तू बायपोलर आहेस' असली लेबलं लावायची या पिढीला फार सवय आहे, आणि ती मोडायला मला दोन अख्खे तास लागतात. सल्ला तर द्यायचाच नाही, आणि हेच सगळ्यात अवघड जातं. मी दोघांना समोरासमोर बसवते. एक जण सांगतो, "मला दोन विषयांत बॅकलॉग आहे, घरी माहीत नाही, झोप लागत नाही." समोरच्याने फक्त ऐकायचं. अर्ध्या मिनिटात "टेन्शन नको घेऊ यार, होतं सगळं" सुरू होतं. पुढच्या अर्ध्या मिनिटात "सकाळी उठून पळायला जात जा" येतं. मोठी माणसंही हेच करतात म्हणा, आमच्याकडूनच शिकलीत ती. समोरचा बोलायचा थांबला तरी लगेच तोंड न उघडता बसून राहणं हा सरावाचा भाग आहे. आठवडाभर केलं की जमतं.

त्यानंतर येतो तो प्रश्न, जो विचारायला कोणाचीच जीभ रेटत नाही. २०२२ साली देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सगळ्यात मोठा होता. म्हणून शंका आली की स्पष्ट विचारायचं: "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?" पालकांना वाटतं, असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल. तसं होत नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणसाला मोकळं वाटतं. मजा अशी की आमची मुलं हा प्रश्न इंग्रजीत सहज विचारतात आणि मराठीत अडखळतात. इंग्रजी शब्द दुरून गेल्यासारखा वाटत असावा. मी मात्र मराठीतच विचारायला लावते, कारण रात्री दोन वाजता रडणारा मुलगा इंग्रजीत रडत नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल मला खरं लिहायचं आहे ती. दुसऱ्या वर्षाला असलेल्या आमच्या एका दूत मुलीला तिच्या जवळच्या मैत्रिणीने सांगितलं की तिला जगावंसं वाटत नाही, आणि ते कसं संपवायचं हेही तिने ठरवून ठेवलंय. सांगण्याआधी अट घातली होती, "कोणाला सांगायचं नाही, तुला माझी शपथ."

आम्ही मुलांना शिकवतो की असं वचन कधीच द्यायचं नाही. म्हणायचं, "तुझी गोष्ट मी चारचौघांत चघळणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका वाटला, तर मी गप्प बसणार नाही. मदत करू शकेल अशा माणसाला सांगेन, आणि तुला विचारून, तुझ्यासोबत जाऊन सांगेन." या मुलीने हे शब्दशः म्हटलं. मैत्रीण चिडली, "मग तू मैत्रीण कसली?" म्हणाली. तरी ही तिच्या खोलीत बसून राहिली, तिला एकटं सोडलं नाही, दुसऱ्या मुलीकडून रेक्टरबाईंना बोलावलं, आणि सकाळी सगळ्या मिळून कॉलेजच्या काउन्सेलरकडे गेल्या. तिथून मानसोपचारतज्ज्ञ, मग आईवडील. मैत्रीण घरी गेली, उपचार सुरू झाले, एक सेमिस्टर बुडालं, पुढच्या जूनमध्ये ती परत आली.

परत आली, पण हिच्याशी बोलत नाही. आजही नाही. "तुझ्यामुळे घरी कळलं," एवढं एकदा म्हणाली, बस.

ही मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, मी बरोबर केलं ना?" मी म्हटलं, शंभर टक्के. तिला ते पटलं आहे. तरी मेसमध्ये दोघी वेगवेगळ्या टेबलांवर जेवतात, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. दूत होण्याची ही किंमत असू शकते, हे मी आता प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी सांगते. त्यानंतर दोन-तीन जण नाव मागे घेतात. घ्यावं.

त्या रात्री रेक्टरबाईंना सगळ्यात आधी भीती वाटली ती पोलीस केसची. पुष्कळ पालकांनाही वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला शिक्षा करायची नाही, असं सांगितलं आहे. त्यामुळे त्या भीतीपोटी दवाखाना टाळू नका. इथे तर प्रयत्नही झाला नव्हता.

दुसऱ्याचं ऐकून ऐकून ही मुलं स्वतः थकतात, त्याचीही सोय करावी लागते. आमचा नियम आहे की रात्री दहानंतर दूताचा फोन बंद असला तरी चालेल. त्या वेळेसाठी टेली-मानसचा १४४१६ हा नंबर सगळ्या होस्टेलांत लावलेला आहे; चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. महिन्यातून एकदा दूतांनी माझ्याजवळ किंवा काउन्सेलरजवळ बसून, नावं न घेता, मनावर काय साचलंय ते बोलायचं. ज्याच्या स्वतःच्या घरी आजारपण किंवा मृत्यू झालाय, त्याने ते वर्ष सुट्टी घ्यायची.

एका संस्थेने मला बोलावून चाळीस दूत तयार करून मागितले. सॅश, सर्टिफिकेट, उद्घाटनाचा कार्यक्रम सगळं ठरलं होतं. काउन्सेलर कुठे बसतात विचारलं, तर "सध्या पद रिक्त आहे, मुलंच सांभाळतील." मी नाही म्हटलं. घेऊन जाणारा आहे आणि ज्याच्याकडे न्यायचं तोच नाही, अशा जागी वीस वर्षांच्या पोरांना उभं करणं मला धोक्याचं वाटतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं आहे की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. तुमच्या मुलाने नाव दिलं असेल तर आधी कॉलेजला हेच विचारा: तुमचे काउन्सेलर कोण, आणि ते आठवड्यातून किती दिवस येतात?

आणि कधी उलटं झालं, म्हणजे तुमच्या मुलीच्या रूममेटचा, अनोळखी नंबरवरून, रात्री अकराला फोन आला, "काकू, तुम्ही लवकर येऊ शकाल का?", तर "तू कोण? तुला कोणी सांगितलं?" असं विचारत बसू नका. आत्ता तिच्याजवळ कोण आहे, एवढं विचारा, आणि मी येईपर्यंत तिला एकटं सोडू नका म्हणून सांगा. मिळेल ती गाडी पकडा. मुलीला ओरडायचं असेल, तर ते नंतरही होणार नाही असं बघा.