खोलीचे तपमान

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मूलद्रव्यांचा एक मोठा तक्ता टांगलेला आहे. मी मराठीचा मास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. रसायनशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण मोकळ्या तासाला तो तक्ता मी एखाद्या कादंबरीतल्या पात्रांच्या यादीसारखा वाचतो. ११८ पात्रे! त्यांतली ११ वायू, अवघी २ द्रव, आणि प्रयोगशाळेत मोजक्या अणूंच्या रूपाने जन्मलेली काही अतिजड मंडळी वगळली, तर बाकीची सारी घन. द्रव म्हणजे पारा आणि ब्रोमिन. एक चांदीसारखा लखलखीत, दुसरा लालसर तपकिरी, झोंबऱ्या वाफा सोडणारा. एकेका अक्षरात प्रत्येकाचा स्वभाव सांगून टाकलेला!

मात्र तक्त्याच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ आहे: 'या अवस्था २५ अंश सेल्सिअसला व हवेच्या नेहमीच्या दाबाला.' मला तक्त्यातली ही सर्वांत प्रामाणिक ओळ वाटते.

कारण खोली कुणाची, यावर बरेच अवलंबून आहे. गॅलियम ३० अंशांच्या किंचित आधीच वितळते. तळहातावर ठेवले तरी पाझरू लागते. सीझियम साडेअठ्ठावीसला, रुबिडियम ३९ ला. नागपूरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या तापल्या खोलीत, बंद काचनळ्यांतून ही मंडळी ठेवा. दोन द्रवांचे निदान पाच होतील. उलट, वाहणे हाच पाऱ्याचा धर्म असे पूर्वी पुष्कळांना वाटे. १७५९ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गला ब्राउन नावाच्या शास्त्रज्ञाने बर्फ आणि आम्ल यांच्या मिश्रणात त्याला गोठवले, आणि हातोडीने ठोकून पाहिले. पारा चक्क इतर धातूंसारखा चेपला! उणे ३९ अंशांच्या खोलीत तोही घनच.

हट्टी प्रकृतीही असतात म्हणा. हेलियम कितीही थंड करा, नेहमीच्या दाबाला तो घन होत नाही. त्यासाठी सुमारे २५ पट दाब द्यावा लागतो. पण असे विरळाच.

आता आपली गोष्ट घ्या. दिवाळीला घरी चार माणसे जमतात, आणि प्रत्येकासाठी आपला एकेक शब्द ठरलेला असतो. मामा तापट, धाकटी काकू घुमी. तळाशी बारीक ओळ मात्र कुणीच लिहीत नाही.

आमच्या प्रगतिपुस्तकातही 'स्वभाव' नावाचा एक रकाना असतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या त्या रकान्यात तीन वर्षे ओळीने 'अबोल' असा शेरा आहे. खोटा नाही; वर्गात तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. ही पोर मला एका शनिवारी बाजारात दिसली. आईच्या शेजारी भाजीचा ढीग मांडून खणखणीत आवाजात गिऱ्हाईक बोलावीत होती. एका मिशाळ गृहस्थाला तिने घासाघिशीत पार गप्प केले. मला पाहून ती दचकली नाही. "गुरुजी, मेथी ताजी आहे," म्हणाली, आणि दोन जुड्या माझ्या पिशवीत टाकून मोकळी झाली!

यंदा प्रगतिपुस्तके भरताना तिच्या नावापाशी माझा टाक थांबला. 'बोलकी' लिहावे, तर वर्गशिक्षक म्हणून तेही खरे नव्हे. शेवटी लिहिले, 'वर्गात अबोल'. हेडमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. रकाना अरुंद होता खरा. पण तेवढा एक जादा शब्द त्यात मावला.