कार्बन पेपर

लेहमधला माझा तो दुसरा हिवाळा. साडेअकरा हजार फुटांवरची थंडी, आणि कोपऱ्यात घरघरणारा युनिटचा सर्व्हर. त्यावर फार गुप्त असं काही नव्हतं. जवानांच्या सुट्ट्या आणि स्टोअरचा हिशेब. रोज रात्री दोनला एक स्क्रिप्ट त्याचा बॅकअप घ्यायची. पासवर्ड त्या स्क्रिप्टमध्येच सरळ लिहिलेला. फाईल उघडणाऱ्या कुणालाही दिसावा असा.

मी सिग्नलवाला. 'तीव्र चौकस' हे आमच्या कोरचं ब्रीद. हे काही बघवेना. ओपनएसएसएल वापरून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. कमांडच्या पुढेच पासवर्ड टाइप करायचा, एईएस-२५६ने तो एन्क्रिप्ट होऊन फाईलमध्ये जायचा. फाईल उघडून पाहिली, नुसती अगम्य अक्षरं! खुशीत चहा मागवला.

माझ्यानंतर ड्युटीवर गढवालचा एक कोवळा जवान आला. लॉगिन आमचं एकच. आपली जुनी कमांड शोधायला त्याने वरचा बाण दाबला आणि थबकला.

"साब, पासवर्ड तो यहाँ लिखा है."

होताच. टाइप केलेल्या ओळी शेल इतिहास म्हणून जपून ठेवतं. मी लिफाफा सीलबंद केला होता, आतला मजकूर मात्र टेबलावरच राहिला होता.

जबलपूरच्या ट्रेनिंग सेंटरमधले उस्ताद आठवले. संदेश सायफरमध्ये बदलला, की कच्चा कागद आणि कार्बन पेपर जाळायचा, मगच खुर्ची सोडायची. वीस वर्षं हे मी पोरांना शिकवत आलो, आणि कागदाच्या जागी स्क्रीन आल्यावर स्वतःच विसरलो.

गुपचूप ती ओळ पुसणं सोपं होतं. पण उघडा पडलेला पासवर्ड पुसून पुन्हा गुप्त होत नाही. साहेबांना जाऊन सांगितलं आणि आधी पासवर्ड बदलला. नवी स्क्रिप्ट चालू झाल्यावर पासवर्ड विचारते. टाइप करताना स्क्रीनवर काही उमटत नाही, इतिहासातही जात नाही. किल्लीची फाईल वेगळ्या जागी, फक्त बॅकअपच्या खात्यालाच वाचता येईल अशी. लॉगिनही प्रत्येकाचं वेगळं केलं.

ड्युटी रजिस्टरात चूक माझ्या नावावर लिहिली. खाली, ती पकडणाऱ्या जवानाचं नाव. तो लाजून म्हणाला, "साब, इसकी क्या ज़रूरत थी?"

होती. उद्या माझ्यासारख्याच कुणा जुन्या माणसाची चूक दिसली, तर त्याने गप्प बसू नये.