चार ओळींची बातमी

परवा प्रेसनोट आली : 'एमपीडीएखाली एक जण स्थानबद्ध.' नेहमीप्रमाणे चार ओळी लावल्या. संध्याकाळी त्याची आई ऑफिसात आली. "दादा, खटला नाही, शिक्षा नाही, मग पोरगा वर्षभर आत कसा?" मी गप्प. कारणं काय, हे मी विचारलंच नव्हतं.

डिप्लोमाला शिकलेलं १९७६ आठवलं. आणीबाणीत नऊ उच्च न्यायालयं म्हणाली, मिसाबंदीला कोर्टात दाद मागता येते. २८ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते फिरवलं. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांनाच डावललं गेलं. तो निकाल चुकीचा होता हे सुप्रीम कोर्टाने मान्य केलं, पण २०१७ मध्ये. तब्बल ४१ वर्षांनी!

आज दाद मागता येते. राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे स्थानबद्धाला कारणं कळवावी लागतात, हायकोर्टात जाता येतं. त्या माउलीला एवढंही मी सांगितलं नाही.

पोरगा गुंड असेलही. पण ते ठरवायचं कुणी, फक्त प्रेसनोटने? मित्रांनो, पुढच्या वेळी माझा पहिला प्रश्न ठरलाय : साहेब, कारणं दिलीत का?